गोळी सुटल्यानंतरचा पाऊण तास

एकांकिका स्पर्धांमध्ये एक शेवट वर्षानुवर्षं ठरून गेला आहे. दोन माणसांचं भांडण शिगेला पोचतं, एकाच्या हातात पिस्तूल येतं, ब्लॅकआउट होतो आणि अंधारात गोळीचा आवाज येतो. प्रेक्षागृह क्षणभर सुन्न होतं, मग टाळ्यांचा कडकडाट होतो. लेखकाला प्रश्न सोडवावा लागत नाही, कारण प्रश्न विचारणारं पात्रच मेलेलं असतं. बंदुकीच्या हिंसेवरच्या एकांकिका आणि एकपात्री प्रयोग सुचवायला बसलं की आधी या शेवटाशी भिडावं लागतं. तो खोटा आहे. गोळी ज्या घरात शिरते त्या घराचं सगळं त्या क्षणानंतर सुरू होतं, आणि नेमका तिथेच आपण पडदा पाडतो. या प्रस्तावनेत मला मांडायचं आहे ते असं: छोट्या नाटकाने गोळी सुटून गेल्यानंतरची वेळ घ्यावी, आणि त्या वेळात ज्याच्या हातात बंदूक नव्हती त्याला बोलू द्यावं. एकांकिकेला मिळणारा पाऊण तास आणि एकपात्रीला मिळणारा एकच आवाज या कामाला अपुरा पडत नाही. उलट दोन-तीन अंकी नाटकाला जे सहज साधत नाही ते इथे साधतं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो असा की हा प्रश्नच आपला नाही. अमेरिकेत दुकानात रायफल मिळते, शाळांमध्ये गोळीबार होतात. आपल्याकडे परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा आहे, आणि गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बंदूक कुठून येणार? तेव्हा विषय उसना, आणि त्यावरची नाटकंही उसनी. घरात बंदूक नाही, हे मान्य. पण या वस्तीवर गोळ्या बाहेरून आल्या, आणि पुन्हा पुन्हा आल्या. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि त्यांच्यावर लष्कराने गोळ्या झाडल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांच्या बंडाला पाठिंबा द्यायला कामगार वस्ती रस्त्यावर उतरली. २२ फेब्रुवारीला परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. अहिल्या रांगणेकर त्या वेळी त्यांच्यासोबत होत्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यात मध्य मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या. पुढच्या पिढीत सुपारीची पिस्तुलं आली, २००८ मध्ये एके-४७ आल्या. बंदूक धरणारे हात बदलत गेले: लष्कर, पोलीस, टोळ्या, दहशतवादी. समोर उभं राहणारं माणूस मात्र बहुतेक वेळा एकाच वर्गातलं, एकाच परिसरातलं राहिलं. एवढा इतिहास ज्या वस्तीला आहे तिने हा विषय उसना घ्यायची गरजच काय?

संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी वाचली तरी नाटकाला किती जागा आहे ते कळतं. १०५ हुतात्मे असं आपण म्हणत आलो, पुढे तो आकडा वाढवण्यात आला. भाषणांमध्ये आकडाच येतो, नावं येत नाहीत. यादीच्या अगदी सुरुवातीला सीताराम बनाजी पवार आहेत, त्यांच्या पाठोपाठ जोसेफ डेव्हिड पेजारकर आणि चिमणलाल डी. शेठ. थोडं पुढे गेलं की के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, वेदीसिंग. मराठी भाषकांच्या राज्यासाठीच्या लढ्याच्या यादीत ही नावं आहेत. यातलं कोण घोषणा देत होतं, कोण कामावरून घरी निघालं होतं, कोण नुसतं काय चाललंय ते बघायला थांबलं होतं, हे यादी सांगत नाही. यादीचं ते कामही नव्हे. त्याच यादीत ‘गजानन ऊर्फ बंडू गोखले’ असं एक नाव आहे. सरकारी कागदावर घरातली हाक उतरली आहे. ती कोणी तरी नोंद करणाऱ्याला सांगितली असणार, किंवा ज्याने नोंद केली त्याला ती आधीच ठाऊक असणार. एक टेबल, एक रजिस्टर, नोंद करणारा एक माणूस आणि समोर उभं असलेलं घरचं कोणी तरी. पूर्ण नाव सांगा, असं विचारल्यावर ‘बंडू’ असं तोंडातून निघून जातं, एवढ्यावर वीस मिनिटांचं नाटक उभं राहू शकतं. त्यात गोळीचा आवाज लागत नाही, रक्त लागत नाही, जमाव लागत नाही. मोठ्या नाटकाला या प्रसंगाचं काय करावं ते कळणार नाही. ते मोर्चा दाखवेल, पुढारी दाखवेल, सभा दाखवेल, आणि या टेबलाला फार तर दोन वाक्यं देईल.

छोटा प्रकार इथे का चालतो याचा उत्तम पुरावा सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेच्या १९१६ च्या ‘ट्रायफल्स’ या एकांकिकेत सापडतो. पडदा उघडतो तेव्हा खून होऊन गेलेला आहे. मेलेला माणूस रंगमंचावर येत नाही आणि जिच्यावर संशय आहे ती बायकोही येत नाही. आहे ते फक्त त्यांचं स्वयंपाकघर: आवराआवर न झालेलं, कामं अर्धवट टाकलेलं. पुरुष वरच्या मजल्यावर पुरावा शोधत फिरतात, आणि खाली थांबलेल्या दोन बायकांना अर्धवट शिवलेल्या गोधडीच्या टाक्यांवरून, शिवणाच्या पेटीत ठेवलेल्या मेलेल्या पाखरावरून सगळं उलगडतं. गळा आवळून झालेल्या या खुनात पुरुषांना पडलेलं एक कोडं असं की घरात बंदूक होती, मग ती का वापरली नाही. त्या बंदुकीला नाटकात याहून जास्त जागा नाही. शंभरहून अधिक वर्षांनी ही एकांकिका शिळी वाटत नाही, कारण तिचं लक्ष हत्यारावर नसून ज्या घरात माणूस मारावासा वाटतो त्या घरावर आहे. आपल्याकडे प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका याच गुणावर टिकली. मोजकी पात्रं, नेपथ्याचा बडेजाव नाही, एक पाणी नावाची गोष्ट, आणि तिच्याभोवती जातीची सगळी रचना. कॉलेजच्या मुलांनी ती केली, कार्यकर्त्यांनी केली, इतर भाषांमध्ये ती गेली. या दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात, अशी माझी पहिली शिफारस आहे. एकीत बंदूक वापरलेली नाही, दुसरीत ती नाहीच. पण हिंसा घडून गेल्यावर किंवा रोज घडत असताना रंगमंचावर काय ठेवायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे त्यांच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे शिकायला मिळत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप यापुढचा आहे. छोटं नाटक परिणाम दाखवेल, पण कारण दाखवू शकेल का? लालबाग-परळचा मुलगा टोळीत का गेला हे सांगायला एक पिढी लागते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा गिरणी संप लागतो, न सुरू झालेले भोंगे लागतात, घरातला एकेक पगार बंद होताना दाखवावा लागतो. जयंत पवारांनी ते ‘अधांतर’मध्ये केलं, आणि पूर्ण लांबीचं नाटक लिहूनच केलं. १९९७ साली आलेल्या त्या नाटकातल्या कुटुंबाच्या एका खोलीत एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या नादात बुडतो, आणि नरू टोळीकडे जातो. नरूचं जाणं आपल्याला पटतं कारण तोवर आपण त्या खोलीत बराच वेळ बसलेलो असतो. पाऊण तासात हे जमणार नाही, आणि जमेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून एकांकिका लिहिणाऱ्यांनी ‘अधांतर’ची छोटी आवृत्ती काढायला जाऊ नये. तसे प्रयत्न झाले की बापाचा संप एका संवादात, आईचे कष्ट दुसऱ्या संवादात आणि तिसऱ्या प्रवेशात मुलाच्या हातात घोडा, असा धावता आढावा होतो.

पण कारणाची अख्खी साखळी दाखवता येत नसली तरी तिची एक कडी हातात घेता येते, आणि कधी कधी त्या एका कडीतून जास्त दिसतं. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. तो धारदार हत्यारांनी झाला, म्हणजे मारणारे अगदी अंगाशी येऊन भिडले. मे १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव आणि १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत कामगार पुढारी दत्ता सामंत मारले गेले ते गोळ्यांनी. मालक आणि कामगारांचा पुढारी, दोघेही तीन वर्षांच्या आत, एकाच पद्धतीने. या बदलाचं राजकारण मोठ्या नाटकाने सांगावं. छोट्या नाटकाने मात्र एवढंच विचारावं की सुपारीचे पैसे जेव्हा चाळीतल्या एका घरात येतात तेव्हा ते कुठे ठेवले जातात. आई त्यातून वाण्याची थकलेली उधारी भागवते का? भागवते तर ती वाण्याला काय सांगते, आणि वाणी ते मानतो का? हा प्रसंग गिरणी संपाचा इतिहास सांगत नाही, पण तो इतिहास पोटात घेऊनच उभा राहतो. परळ-लालबागच्या प्रेक्षकाला संप समजावून सांगावा लागत नाही. बंद गिरणीच्या जागी उभे राहिलेले टॉवर त्याला रोज दिसतात. ज्या वस्तीची स्मृती एवढी भरलेली आहे तिथे छोटं नाटक लिहिणाऱ्याला पार्श्वभूमी उभी करायचा वेळ वाचतो. तो वेळ त्याने वाण्याच्या दुकानातल्या त्या शांततेवर खर्च करावा.

आता एकपात्रीचा प्रश्न, आणि इथे मला स्पष्ट भूमिका घ्यावीशी वाटते. एकच माणूस बोलतो तेव्हा प्रेक्षक हळूहळू त्याच्या बाजूचा होतो. त्याचं दुःख आपलं वाटायला लागतं, त्याची युक्तिवादाची चाल आपली होते. बटाट्याच्या चाळीवर प्रेम करायला लावणारी ही शक्ती खुनावरही प्रेम करायला लावू शकते. प्रदीप दळवी यांचं ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ हे नाटक एकपात्री नाही, पण त्याचा कणा मारणाऱ्याच्या निवेदनाचा आहे, आणि शीर्षकातच कोण बोलतो ते सांगून टाकलेलं आहे. १९९८ साली ते रंगभूमीवर आलं, राज्य सरकारने प्रयोग थांबवले, पुढे न्यायालयाच्या निर्णयानंतर ते पुन्हा सुरू झालं आणि भरपूर चाललं. बंदी घालायला नको होती, असं माझं मत आहे. पण बंदीला विरोध करणं म्हणजे नाटकाची मांडणी मान्य करणं नव्हे. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी एका निःशस्त्र म्हाताऱ्या माणसाचं बोलणं तीन गोळ्यांनी बंद केलं गेलं. ज्याने ते बंद केलं त्याला पुन्हा अख्खी संध्याकाळ बोलायला द्यायची, आणि त्याच्या समोर तोलामोलाचं उत्तर उभं करायचं नाही, ही नाट्यलेखनाची अडचण आहे. राजकारण बाजूला ठेवलं तरी ती उरते.

यावर लोक विचारतात, मग मारणाऱ्याने बोलूच नये का? त्याच्या मनात शिरल्याशिवाय हिंसा कशी समजणार? शिरावं, पण त्याला एकट्याला सोडू नये. जेसिका डिकी या अमेरिकन लेखिकेचा ‘द अमिश प्रोजेक्ट’ हा एकपात्री प्रयोग मी या कारणासाठी सुचवतो. २००६ साली पेनसिल्व्हेनियात अमिश पंथाच्या एका लहानशा शाळेत गोळीबार झाला आणि मुली मेल्या. त्या घटनेवरून सुचलेल्या या नाटकात एकच अभिनेत्री सात माणसं उभी करते. त्यात मारणारा आहे, तसंच मारल्या गेलेल्या मुली आहेत, आणि ज्याने मारलं त्याची मागे राहिलेली बायकोही आहे, जिला दुकानात जाताना लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. मारणारा बोलतो, पण सातांतला एक म्हणून, आणि त्याच घशातून लगेच एका लहान मुलीचा आवाज येतो. आपल्याकडच्या अभिनेत्रींना हा प्रकार परका नाही. एका अंगावर अनेक पात्रं घेण्याची सवय आपल्या बहुरूपी परंपरेने, कीर्तनाने आणि एकपात्रींनी केव्हाच लावली आहे. ती आजवर बहुतेक हसवायला वापरली गेली. ती अशा विषयावर वापरली गेली पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं.

बंदुकीवरचं प्रत्येक नाटक बंदुकीच्या विरोधातच असलं पाहिजे, असं मात्र मी म्हणत नाही. ब्रेश्टची १९३७ ची ‘सेनोरा कारारच्या रायफली’ ही एकांकिका मुद्दाम शिफारशींच्या यादीत ठेवावी. स्पेनच्या यादवीत, आधीच नवरा गमावलेली एक कोळीण घरात रायफली लपवून ठेवते आणि मुलाला लढाईपासून लांब ठेवायचा प्रयत्न करते. तो मुलगा होडीत मासे मारत असताना मारला जातो. शेवटी ती रायफली बाहेर काढते. मला हा शेवट अस्वस्थ करतो, आणि चर्चेसाठी तो त्याचमुळे हवा. कोळीवाड्यांनी वेढलेल्या आणि गोळीबार झेललेल्या या शहरात ही एकांकिका झाली तर प्रेक्षकांतला निम्मा भाग तिच्या बाजूने आणि निम्मा विरुद्ध जाईल. पण इथेही ब्रेश्टने बोलायला लावलं आहे ते एका आईला, आणि तेही हातात रायफल येण्याच्या आधी.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीवर आपल्याकडे सिनेमे आले, मालिका आल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा बंदुकांच्या चकमकीतच रमल्या. त्या रात्रीचं खरं स्वगत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर प्रत्यक्षात बोललं गेलं होतं. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमध्ये होते. खाली फलाटाच्या आवारात गोळ्या चालल्या होत्या. त्यांच्याकडे फक्त माइक होता, आणि त्यावरून ते प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिले. लोकल कुठल्या फलाटावर येणार हे रोज ज्या आवाजात सांगायचं, त्याच आवाजाने त्या रात्री माणसं वाचली. एक माणूस, एक काच, एक माइक. एकपात्रीला याहून काय हवं? झेंडे काय म्हणाले ते जसंच्या तसं घालायचीही गरज नाही. रोजच्या घोषणेची वाक्यं माणूस अशा वेळी कशी मोडतो, कुठे थांबतो, आपला आवाज ऐकून कोणी वर केबिनकडे बघेल ही भीती बाळगून पुढचं वाक्य कसं बोलतो, हे लिहिणाऱ्याने शोधावं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी लाठीनिशी दहशतवादी कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्यावर नाटक लिहिणाऱ्यालाही माझं सांगणं हेच की तो क्षण रंगमंचावर आणायचा मोह आवरावा. ते धाडस पडद्यावर दाखवायला सिनेमा समर्थ आहे. नाटकाने नाकाबंदीला निघण्याआधीचा संध्याकाळचा तास घ्यावा, किंवा दुसऱ्या दिवशी पोलीस वसाहतीतल्या शेजाऱ्यांचा.

प्रयोग कुठे आणि कसे करावेत याबद्दलही थोडं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकरांच्या हत्येनंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन रिंगणनाट्याचं काम केलं. ‘सॉक्रेटिस ते दाभोलकर-पानसरे व्हाया तुकाराम’ हे त्यातलं नाव अनेकांच्या कानावरून गेलं असेल. मुरलेले नट नाहीत, रंगमंच नाही, प्रेक्षक गोल करून बसलेले, आणि ज्यांचा माणूस मारला गेला तेच बोलताहेत. अमेरिकेत १४ डिसेंबर २०२० रोजी, सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबाराच्या स्मृतिदिनी, किशोरवयीन लेखकांची सात छोटी नाटकं ठिकठिकाणी वाचली गेली. तिथेही सोप्या, कमी पात्रांच्या, वाचनाला पुरेल अशा संहितेवरच जोर होता. गिरगाव ते लालबाग पट्ट्यात अशा वाचनाला जागा कमी नाहीत: साहित्य संघ आहे, शाळांचे हॉल आहेत, गणेशोत्सव मंडळांचे मंडप आहेत, चाळींच्या मधली पटांगणं आहेत. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने जे उभं केलं ते अशाच साध्या जागेत. स्पर्धेसाठी लिहिलेली संहिता स्पर्धेबाहेर अशा जागी वाचून पाहावी. तिथे ब्लॅकआउट करता येत नाही, ध्वनिमुद्रित गोळी वाजवता येत नाही, आणि संहितेत त्याहून काही आहे का ते लगेच उघडं पडतं.

गटांना एक व्यावहारिक सूचना: तालमीत खोटं पिस्तूल आणूच नये. मुलं ते हातात घेऊन खेळायला लागतात, आणि सगळी तालीम त्याच्याभोवती फिरते. ‘ट्रायफल्स’ आणि ‘घोटभर पाणी’ एका संध्याकाळी, ब्रेश्ट दुसऱ्या संध्याकाळी, वाचनानंतर प्रेक्षकांना बोलायला तितकाच वेळ. तिसरी संध्याकाळ नव्या लिखाणासाठी राखून ठेवावी: हुतात्म्यांच्या यादीतलं कोणतंही एक नाव, आणि ते नाव नोंदवायला आलेलं माणूस.